डोमेन नावे व व्यापारचिन्हविषयक विवाद

इंटरनेटवरील स्थळाच्या अक्षरी पत्त्यास डोमेन नाव म्हणतात. असे नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी एकरूप किंवा फसवे साम्य असणारे असल्यास त्याच्या मालकीविषयी विवाद उद्‌भवतात.

स्वरूप : संगणक परस्परांस अंकी पत्त्यांनी ओळखतात. हे पत्ते लक्षात ठेवणे अवघड असल्याने त्यांच्याशी अक्षरी नावे जोडण्याची पद्धती १९८३ मध्ये सिद्ध झाली. व्यापारचिन्हावरील हक्क सामान्यतः विशिष्ट माल व प्रदेश यांपुरता असतो. नारायणगावचा भाजीपाल्याचा व्यापारी व मंचरचा कापडविक्रेता यांना ‘शिवनेरी’ हे नाव आपापल्या धंद्यात एकाच वेळी वापरता येते. मात्र ‘शिवनेरी डॉट इन’ हे डोमेन नाव दोघांपैकी एकासच मिळू शकते. नोंदणी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या तत्त्वावर होते व त्या वेळी अर्जदाराच्या हक्काची छाननी होत नाही. त्यामुळे प्रसिद्ध नावे आधीच नोंदवून ठेवणे आणि ती मूळ धारकास चढ्या किंमतीस विकणे किंवा त्याच्या ग्राहकांस चकविणे, असे प्रकार सुरू झाले.

भारतीय न्यायनिर्णय : ‘रेडिफ डॉट कॉम’ हे स्थळ चालविणाऱ्या कंपनीने ‘रॅडिफ डॉट कॉम’ या नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. हे नाव काही इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनविले, असा प्रतिवादीचा बचाव होता. तो अमान्य करून न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई हुकूम दिला. डोमेन नाव केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतक्याच संरक्षणास पात्र आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी ‘याहू’ प्रकरणी, इंटरनेट वापरणारे सुजाण असल्याने फसत नाहीत, हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला. ‘सिफी’ या नावाविषयीच्या सत्यम इन्फोवे खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की डोमेन नावांच्या विवादांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नसला, तरी आपला माल वा सेवा दुसऱ्याची म्हणून खपविण्यास प्रतिबंध करणारे तत्त्व त्यांना लागू पडते.

विवाद-निवारण : न्यायालयांची अधिकारिता देशापुरती, तर डोमेन नावाचा वापर जगभर होतो. म्हणून आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये एकरूप विवाद-निवारण धोरण स्वीकारले. जिनीव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना त्यानुसार तक्रारी हाताळते. नाव आपल्या चिन्हाशी भ्रम होण्याइतके सदृश आहे, नोंदणीधारकास त्यात वैध हितसंबंध नाही आणि नोंदणी व वापर दोन्ही दुर्हेतूने झाले आहेत, या तीन गोष्टी तक्रारदाराने सिद्ध कराव्या लागतात. नाव रद्द करणे किंवा तक्रारदाराकडे हस्तांतरित करणे, एवढाच आदेश देता येतो. नुकसानभरपाई मिळत नाही. ‘डॉट इन’ नावांसाठी भारतात २००५ पासून लवादाची वेगळी व्यवस्था आहे. तीत दुर्हेतूने नोंदणी किंवा वापर यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते.

धनाढ्य कंपन्या या मार्गाचा उपयोग प्रामाणिक लहान व्यावसायिकांची नावे बळकावण्यासाठीही करू शकतात. त्यामुळे आयकॅनच्या नियमांत तक्रारदाराचा दुर्हेतू आढळल्यास तसे निर्णयात नमूद करण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी त्याला दंड होत नाही. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी नावांचीही नोंदणी होत असल्याने एकाच चिन्हाचे रक्षण आता रोमन व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत करावे लागते.