पैठणी जहाजावर चालते!

“गाऊन शिवायला टाकू का गं?” रात्री साडेदहाला मावशीचा फोन. क्रूझचं बुकिंग झालेलं, व्हिसा हातात आलेला, बाकरवडीचे पुडेसुद्धा आणून ठेवलेले. आणि आता तिला माहितीपत्रकात ती ओळ दिसली होती: सात रात्रींत दोन ‘फॉर्मल नाइट’. मी एवढंच विचारलं, “तुझी ती मोरपंखी पैठणी कुठाय?”

पैठणी चालते. खपवून घेतात म्हणून नव्हे, नियमातच बसते. अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘क्वीन मेरी २’ची मालक कंपनी क्युनार्ड कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर. संध्याकाळचे सहा वाजले की तिथे नियम लागू होतात, आणि गाला संध्याकाळी पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा लागतो. पण त्याच यादीत आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही आहे. म्हणजे पैठणी आली, बंदगळा आला, शेरवानी आली. स्कॉटलंडचा माणूस तिथे किल्ट घालून ऐटीत जेवायला येतो. आपण का बिचकायचं?

बरं, ज्या पोशाखापुढे आपण बिचकतो त्याची कंबर जरा निरखून बघा. टक्सिडोवर पोटाला बांधलेला तो चुण्यांचा रेशमी पट्टा, साहेबाचा ‘कमरबंड’, म्हणजे आपला कमरबंद! शब्द फारसीतून हिंदुस्थानीत आला आणि तिथून इंग्रजीत गेला. इथल्या उकाड्यात वेस्टकोट घालून घामाघूम होणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वेस्टकोटाऐवजी तो कमरेला बांधला. पुढे तांबड्या समुद्रातल्या काहिलीने जॅकेटही उतरवलं. पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरबंद, झाला संध्याकाळचा पोशाख! त्याचं नावच ‘रेड सी रिग’. आपल्या नौदलाने तर २०२४ मध्ये अधिकाऱ्यांना मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जॅकेट घालायची मुभा दिली. मला ती बातमी वाचून मनापासून आनंद झाला होता.

आणि टक्सिडो? तो मुळात घरगुती कपडा. लंडनच्या सॅव्हिल रो वरचे शिंपी हेन्री पूल यांच्याकडची हकिकत अशी, की १८६५ मध्ये तेव्हाच्या युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनी, घरच्या साध्या जेवणासाठी एक आखूड जॅकेट शिवून घेतलं. खरा औपचारिक पोशाख म्हणजे मागे लांब शेपटी असलेला टेलकोट. ते आखूड जॅकेट अमेरिकेत गेलं, न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये १८८६ च्या सुमारास गाजलं आणि त्या गावाचंच नाव त्याला चिकटलं.

जुन्या बोटींवर पहिल्या रात्री कोणी नटत नसे, आणि शेवटच्या रात्रीही नाही. कारण साधं: पहिल्या दिवशी पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या दिवशी बांधून झालेल्या असत. ज्या ट्रंका वाटेत लागणार नाहीत त्यांवर ‘प्रवासात नको’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवून त्या तळाच्या कोठारात ढकलत. आजही पहिल्या दिवशी बंदरावर दिलेली बॅग केबिनच्या दाराशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा एक बरा जोड हातातल्या पिशवीत असू द्या.

सामान आणि कपड्यांची ताटातूट काय करते, हे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. ४ सप्टेंबर १८८८ ला ‘क्लाइड’ बोटीने ते मुंबईहून निघाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट विलायतेत उतरण्यासाठी राखून ठेवला. उतरले तर सप्टेंबर सरत आलेला, आणि पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! बाकीचं सामान एजंटाकडे गेलेलं, मध्ये रविवार. सोमवारपर्यंत तोच सूट. मला त्या मुलाची फार माया वाटते.

नटून मिरवायचं तर १९३५ ची फ्रेंच बोट ‘नॉर्मंडी’. तिचं पहिल्या वर्गाचं जेवणघर सुमारे ९३ मीटर लांब, व्हर्सायच्या आरसेमहालाहूनही मोठं. बाहेरचा उजेड येईल अशी एकही खिडकी नाही, सगळा झगमगाट लालिकच्या काचेच्या दिव्यांचा. आत यायचं ते जिना उतरून, म्हणजे प्रत्येक गाऊन आधी अख्ख्या दालनाला दिसणार!

मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर अशा जेवणाची ताटं फिरवणारे हात पुष्कळदा गोव्याचे असत. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या बोटींवर वाढपी, आचारी म्हणून कितीतरी गोवेकर तारवटी होते. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलाव, माझगावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहत. गावागावाचे वेगळे कूड. खोलीत एक अल्तार आणि भिंतीलगत ओळीने लावलेल्या पेट्या, एका माणसाची एक पेटी. साहेबाच्या डझनभर ट्रंकांच्या गोष्टी सगळे सांगतात. मला ती एकेक पेटी जास्त महत्त्वाची वाटते.

बॅग भरताना दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने जहाजावर तिला बंदी असते आणि तपासणीत ती काढून घेतात. आणि वाटेत बार्बाडोस किंवा जमैका असेल तर लष्करी छाप्याची पँट, टोपी घरीच राहू द्या. तिथे सामान्य माणसाने तो छापा अंगावर घालणं हा गुन्हा आहे. इस्त्री नाही म्हटल्यावर रेशमाचं मोल कळतं. पैठणीला घडीच्या रेषा शोभतात. जर आतल्या बाजूला येईल अशी घडी घालायची, मलमलीत गुंडाळायची, आणि अत्तर साडी नेसायच्या आधी लावायचं, म्हणजे जर काळी पडत नाही.

मावशीबरोबर मीही गेले होते. केबिन एवढीशी, आरसा अरुंद. मी गुडघ्यांवर बसून निऱ्या धरलेल्या. जहाज किंचित कललं की मावशी पलंगाला टेकायची आणि पाचवी निरी माझ्या बोटांतून सुटायची. तिसऱ्या खेपेला जमलं. खांद्यावर दोन पिना, निऱ्यांना एक, आणि डेकवरच्या वाऱ्यासाठी पदराला आणखी एक.

जेवणघरात एसी कडाक्याचा होता. शेजारच्या टेबलावरच्या बाई उघडे दंड चोळत शालीसाठी नवऱ्याला केबिनकडे पिटाळत होत्या. मावशीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि सूपची वाट बघत बसली.