जुना बंब, सवलतीची चूल : घेताना काय पाहावे?



थंडी पडू लागली, उसाला तोड आली, की घरोघर जळणाचा आणि आंघोळीच्या पाण्याचा विषय निघतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसची शेगडी वाड्या-वस्त्यांवरही पोचली. तरी दहा-बारा माणसांच्या घरात रोज सकाळी गॅसवर पाणी तापवणे कुणाला परवडते? ते पाणी आजही बंबावर नाहीतर परसातल्या चुलीवरच तापते. रानात तुराट्या, पऱ्हाट्या, बांधावरच्या फांद्या पडलेल्या असतात. त्यांना पैसे मोजावे लागत नाहीत.

नवा तांब्याचा बंब मात्र आता सहज घेण्याजोगा राहिलेला नाही. त्यामुळे मोडीच्या दुकानात, बाजारात, कुणा नातेवाइकाच्या माळ्यावर जुना बंब मिळतो का, याची चौकशी सुरू होते. कुठे 'जुन्यावर नवा, भरघोस सूट' अशी पाटीही दिसते. जुने घेणे यात कमीपणा काही नाही. चांगला तांबट घडवलेला बंब दोन-दोन पिढ्या चालतो. पण वरची चकाकी पाहून घेतलेला बंब पहिल्याच थंडीत गळू लागतो, असेही घडते. म्हणून या अंकात जुना बंब व सवलतीची चूल कशी पारखावी, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

बंब म्हणजे घरचा बॉयलर

बंबाची रचना आपण सर्वांनी पाहिलेली आहे. मधोमध खालपासून वरपर्यंत पोकळ नळा, त्याच्या बुडाशी लोखंडी जाळी, आणि नळ्याच्या सभोवती पाणी. जळण वरून टाकायचे, हवा खालून येते, राख जाळीतून खाली पडते. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे उघड्या चुलीसारखी उष्णता चहूकडे वाया जात नाही. आपल्या कारखान्यातला बॉयलर आकाराने प्रचंड, आणि आजकालच्या बॉयलरमध्ये पाणी नळ्यांत व जाळ बाहेर असतो. पण नियम दोघांचे एकच : जळण कोरडे हवे, जाळीखालून हवा खेळती हवी आणि पाण्याची पातळी कधीही खाली जाता कामा नये. बॉयलरवरचा माणूस कामावर येताच आधी पाण्याची काच पाहतो, ते उगीच नव्हे.

थोडा हिशेब करू. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांपर्यंत तापवायला ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. किलोभर वाळलेल्या लाकडात साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी असतात. म्हणजे निम्मी उष्णता जरी पाण्याला लागली, तरी पाव ते अर्धा किलो जळणात एका माणसाचे पाणी तापायला हवे. जुन्या बंबाला याच्या तिप्पट-चौपट जळण लागत असेल, तर दोष जळणात आहे किंवा बंबात. लाकूड ओले असले तर त्यातले पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. तेव्हा बंबाला नावे ठेवण्यापूर्वी जळण वाळलेले आहे ना, हे पाहावे.

आधी तांब्याचा हिशेब

जुन्या बंबाचा भाव ठरवताना पहिला प्रश्न : यात तांबे किती? वजनकाट्यावर चढवण्यापूर्वी लोखंडी जाळी, पाय आणि राखेचे ताट बाजूला काढायला लावावे. तोटी बहुधा पितळेची असते, तिचे वजन वेगळे धरावे. आतले पाणी, राख, क्षाराची खपली यांचेही वजन भरते. लोहचुंबक बरोबर न्यावा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत लोखंडी पत्रा आहे, हे समजावे.

मग दोन भाव विचारावेत. एक तांब्याच्या मोडीचा, दुसरा नव्या बंबाचा मजुरीसह. समजा, मोडीचा भाव किलोला ५०० रुपये आहे आणि बंबात निव्वळ तांबे १० किलो आहे (आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत). म्हणजे मोडीची किंमत झाली ५००० रुपये. विकणारा ७००० मागतो आणि तांबट म्हणतो, दुरुस्तीला १२०० लागतील. आपला एकूण खर्च ८२०० रुपये. पण उद्या बंब अगदीच वाया गेला, तरी ५००० मोडीत परत येतात. जोखीम आहे ती वरच्या ३२०० रुपयांची. हा आकडा मनाशी ठेवून घासाघीस करावी, म्हणजे विकणाऱ्याच्या गोड बोलण्यात माणूस वाहवत नाही.

हाच हिशेब विकणाऱ्या सभासदांनीही ध्यानात ठेवावा. मोडवाला दारात येतो, बंबावर टिचकी मारतो आणि म्हणतो, "काकी, खालनं पत्रा गेलाय की ओ, आता ह्याचं काय राहिलं न्हाई. घाला मोडीत." घरात पुरुषमाणूस नसते, लग्नकार्याची पैशाची नड असते, आणि सासूबाईंच्या वेळचा बंब पातळ गळतीसाठी कवडीमोल किमतीला जातो. मोडीत घालण्यापूर्वी एकदा तांबटाला दाखवा. पाचशे-हजाराच्या डागाने जी वस्तू उभी राहते, ती घालवून दुप्पट पैशांची नवी आणण्यात शहाणपण नाही.

पाणी भरून पाहा, जाळ घालून पाहा

दुकानात उभा असलेला कोरडा बंब काहीच सांगत नाही. त्याची परीक्षा तीन पायऱ्यांनी करावी.

पहिली उजेडाची. अंधाऱ्या जागी मधल्या नळ्यात बॅटरी धरावी आणि पाणी ओतायच्या तोंडातून आत पाहावे. नळ्याला सुईएवढे छिद्र असले, तरी उजेडाचा ठिपका चमकतो. नळा हाच बंबाचा जीव. जाळ त्यालाच लागतो, म्हणून पत्रा प्रथम तिथेच झिजतो. जाळीच्या वरची वीतभर जागा बोटांनी चाचपून पाहावी. पत्रा दाबल्यावर आत जात असेल, तर तो कागदासारखा पातळ झालेला आहे.

दुसरी पाण्याची. बंब गळ्यापर्यंत भरावा, बाहेरून फडक्याने कोरडा पुसावा आणि कोरड्या जमिनीवर तासभर ठेवावा. सांधे, तोटीचे मूळ आणि नळ्याचे बूड पाहावे. कधीकधी छिद्रात लांबी किंवा साबण भरून वर काजळी फासलेली असते. म्हणून संशयाची जागा आधी खरवडून घ्यावी. विकणारा पाणी भरू देत नसेल, तर तिथेच रामराम करावा.

तिसरी विस्तवाची. भरलेल्या बंबात चार काटक्या पेटवून पाहाव्यात. धूर नळ्यातून सरळ वर गेला पाहिजे. तो खालच्या दाराने परत फिरत असेल, तर जाळी तुंबली आहे किंवा नळा पिचला आहे. काही गळती थंड पाण्यात दिसत नाही, पत्रा तापून फुगला की दिसते. त्यासाठीही हा जाळ घालायचाच.

दुरुस्तीजोगा कोणता?

सांध्यावरचा डाग पाहून बंबाचा इतिहास कळतो. पिवळसर, कठीण डाग असेल, तर ती पितळी झाळ. ती आठशे अंशांच्या वर वितळते, म्हणून टिकते. करडा, मऊ, खिळ्याने ओरखडा उठणारा डाग हा कथील-शिशाचा. तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो. पाणी आहे तोवर तो टिकतो, कारण पाणी उकळले तरी शंभर अंशांच्या पुढे जात नाही. पण एखाद्या दिवशी पाणी न भरता बंब पेटवला, की तो डाग ओघळतो आणि सांधा सुटतो. बंबाला जागोजाग असे मऊ डाग दिसले, तर तो वारंवार कोरडा तापलेला आहे, असा संशय धरावा. शिवाय शिशाच्या डागाच्या बंबातले पाणी आंघोळीपुरतेच वापरावे. ते पिण्याला वा स्वयंपाकाला घेऊ नये.

तोटी गळणे, कडी तुटणे, जाळी जळणे, बाहेरच्या पत्र्याला पोचा येणे हे दोष किरकोळ. एखाद-दुसरा सांधा सुटलेला असेल, तर तोही झाळून घेता येतो. विहिरीच्या, बोअरच्या जड पाण्याने आत खपली बसते. तिच्यामुळे पाणी उशिरा तापते आणि पत्राही जास्त तापून झिजतो. लिंबूसताचे पाणी भरून रात्रभर ठेवल्यास ती बरीच सुटते. पण नळाच सर्वत्र पातळ झाला असेल, तर नळा बदलण्याची मजुरी विचारून मगच हो म्हणावे. नाहीतर तो बंब मोडीच्याच भावाने मागावा.

सूट कशावर?

नव्या वस्तूवर सूट मिळते तेव्हा ती कशावर, हे विचारावे. पुष्कळदा सूट फक्त मजुरीवर असते. कुठे जुन्या बंबाच्या वजनातून 'घट' म्हणून इतके कापतात, की दिलेली सूट एका हाताची दुसऱ्या हाताने परत जाते. पावतीवर वजन, भाव, मजुरी आणि जुन्याची घट वेगवेगळी लिहून घ्यावी.

सवलतीच्या चुलीचेही तसेच. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ साली थांबला. अनुदानातून गावोगाव चुली बसल्या. पण धुराडे गंजले, चूल फुटली, तर दुरुस्त कोण करणार, याचे उत्तर अनेक गावांत नव्हते. बायामाणसांनी पुन्हा तीन दगड मांडले. त्यांचा दोष नव्हता. दुरुस्ती नसलेली स्वस्त वस्तू महागच पडते, हा धडा त्यातून घ्यायचा.

आज उचलून नेण्याजोग्या धातूच्या चुली मिळतात. त्यांच्यासाठी भारतीय मानक १३१५२ आहे. त्यानुसार साध्या चुलीत जळणाची किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीत किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला लागली पाहिजे. तीन दगडांच्या चुलीत ती साधारण दहा-पंधरा टक्केच लागते. तेव्हा मानकाची खूण पाहावी. पंख्याची चूल जुनी घेत असाल, तर पंखा चालवून आणि बॅटरी किती वेळ टिकते ते पाहूनच घ्यावी.

आणि एक गोष्ट कारभाऱ्यांसाठी. चूल घ्यायला जाताना घरच्या बाईला बरोबर न्यावे. आपले मोठे पातेले तिच्यावर डगमगत नाही ना? भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायला तोंडाशी जागा आहे ना? तोंड लहान असेल, तर जळण बारीक फोडावे लागेल. ते रोज फोडणार कोण? हे प्रश्न तिलाच सुचतात. तिला न विचारता आणलेली चूल चार महिन्यांत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडलेली दिसते.

न्हाणीघरातला धोका

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. बंब कितीही चांगला असो, तो बंद न्हाणीघरात पेटवू नये. पूर्वी न्हाणी परसात असे, वरून उघडी. आता पक्क्या भिंती, स्लॅब आणि घट्ट दार आले. अशा जागी जाळ नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. धगधगत्या निखाऱ्यांतूनही तो निघतो. म्हणून थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपू नये. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर, गुंगी ही लक्षणे दिसली, तर माणसाला ताबडतोब उघड्यावर न्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

साध्या धुराचेही मोल कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चुलीपुढे सर्वांत जास्त वेळ कोण बसते, हे आपल्याला ठाऊक आहे.

तसेच बंबाचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व असतो, बंबाला नसतो. वाफेला वाट राहिलीच पाहिजे. जाळ असताना तोटीवाटे सगळे पाणी काढू नये, गरम पाणी काढले की तेवढे थंड आत ओतावे. आणि उसाचे पाचट बंबात घालू नये. ते भसकन पेटते, ठिणग्या उडवते आणि क्षणात राख होते. त्याची खरी जागा शेतात, सरीत आच्छादन म्हणून आहे.

तेव्हा बाजारात जाताना खिशात चुंबक, हातात बॅटरी आणि बरोबर घरची माणसे एवढी तयारी ठेवावी. पाणी आणि विस्तव या दोन्ही कसोट्यांना उतरलेला बंब जुना असला तरी खुशाल घ्यावा. घरी आणल्यावर तो उघड्या पडवीत ठेवावा आणि आधी पाणी, मग काडी, हा नियम घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवावा.

ज्या सभासदांच्या माहितीत जुने बंब नीट झाळून देणारे तांबट असतील, त्यांनी त्यांची माहिती शेतकी गट कार्यालयात द्यावी, म्हणजे इतरांचीही सोय होईल.