बाळाचा पहिला पासपोर्ट कोणता?

आई कोथरूडची आणि बाबा जर्मन, किंवा आई जपानी आणि बाबा नाशिकचे. अशा घरात बाळ आलं की बारशाच्या तयारीबरोबरच कागदपत्रांची एक फाइल सुरू होते. घरातला एखादा जाणता काका हमखास सांगतो, ‘दोन्ही पासपोर्ट काढून ठेवा हो. एक इकडचा, एक तिकडचा. कधी कुठला कामाला येईल सांगता येत नाही.’ आई फ्रेंच आणि बाबा ब्रिटिश असते, तर काकांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. ते मूल दोन पासपोर्ट खिशात घालून जन्मभर हिंडलं असतं. पण जोडप्यातलं एक जण भारतीय असलं की हा सल्ला बाद. भारतीय पासपोर्ट आणि परदेशी पासपोर्ट एकाच वेळी बाळगता येत नाहीत, मग ते बाळ महिन्याचं का असेना.

इथे एक गोंधळ आधीच मिटवलेला बरा. नागरिकत्व आणि पासपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागरिकत्व बाळाला बहुतेक वेळा जन्माबरोबर, कायद्याने मिळतं. कुठल्या साहेबाच्या सहीने नव्हे. पासपोर्ट हा त्याचा पुरावा, आणि तो मात्र अर्ज करून, रांग लावून मिळवावा लागतो. म्हणून आधी विचारायचं ते हे, की बाळ कुठल्या कुठल्या देशाचं नागरिक आहे. त्यातला कुठला पासपोर्ट काढायचा, हा त्यानंतरचा विषय. बहुतेक आईबाप दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

बाळ पुण्यात जन्मलं असं धरू. भारताचा नागरिकत्व कायदा 1955चा. 1 जुलै 1987च्या आधी भारतात जन्मलेलं मूल, आईबाप कुठल्याही देशाचे असोत, भारतीयच ठरत असे. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडून. त्या तारखेपासून आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असावा लागला. 3 डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली. आता दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा राहणारा नसावा. ही तरतूद घुसखोरीच्या वादातून आली. पण तिचा फटका भलत्यालाच बसू शकतो. मुदतीच्या पुढे राहिलेला परदेशी माणूसही कायद्याच्या व्याख्येत बेकायदाच असतो, आणि बघितलं जातं ते जन्माच्या वेळी तो काय होता हे. तेव्हा बायकोचे दिवस भरत आले असताना परदेशी नवऱ्याने आपल्या व्हिसाची तारीख एकदा पाहून घ्यावी. मुदतवाढीचा अर्ज बाळंतपणाच्या गडबडीत राहून गेला, तर बाळाच्या भारतीय असण्यावरच प्रश्नचिन्ह लागेल.

बाळ परदेशात जन्मलं तर नियम वेगळे. 10 डिसेंबर 1992च्या आधी तिकडे जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व वडिलांकडूनच मिळे. परदेशी माणसाशी लग्न केलेली भारतीय बाई परदेशात बाळंत झाली, तर कायद्याच्या लेखी ती आपल्या मुलाला काहीच देऊ शकत नव्हती. यात आपण एकटे नव्हतो. जपाननेही आईला हा हक्क 1985च्या सुरुवातीला दिला, आणि कुवेत, कतारसारख्या देशांत तो अजून सरसकट मिळालेला नाही. आज आईबापांपैकी कुणीही एक भारतीय असला तरी पुरतं. मात्र जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर प्रकरण केंद्र सरकारच्या परवानगीसाठी दिल्लीला जातं.

कायद्याच्या याच कलमात एक गंमत दडलेली आहे. परदेशात जन्मून भारतीय झालेलं मूल त्याच वेळी दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते दुसरं नागरिकत्व सोडायचं. न सोडल्यास भारतीयत्व जातं. म्हणजे तोवर मूल कायद्याने दोन देशांचं असू शकतं, हे आपला कायदा स्वतःच कबूल करतो. पासपोर्ट मात्र एकच. पुण्यात जन्मलेल्या मुलाच्या कलमात अशी सवड लिहिलेली नाही. हा भेदभाव कशासाठी, याचं पटेल असं कारण मला तरी सापडलेलं नाही.

आता दुसऱ्या देशाकडे वळू. तिथे प्रत्येकाची तऱ्हा निराळी. जर्मन आई किंवा बाप असला की बाळ जन्मतः जर्मन. पण तो जर्मन पालक स्वतः 1999 नंतर जर्मनीबाहेर जन्मलेला असेल आणि बाहेरच राहत असेल, तर वर्षाच्या आत जन्माची नोंद हवी. बाप ब्रिटिश असेल पण स्वतः मुंबईत जन्मलेला आणि केवळ वंशाने ब्रिटिश असेल, तर पुण्यात जन्मलेल्या बाळाला त्याचं नागरिकत्व सहसा आपोआप उतरत नाही. जपानची मुदत सगळ्यांत कडक आहे. परदेशात जन्मलेल्या आणि दुसरंही नागरिकत्व असलेल्या बाळाची नोंद तीन महिन्यांत वकिलातीत करायची, आणि त्याच अर्जात ‘जपानी नागरिकत्व राखून ठेवतो’ या रकान्यात सही करायची. तीन महिने गेले की बाळ जन्मापासूनच जपानी नव्हतं असं धरलं जातं. ही नोंद म्हणजे पासपोर्ट नव्हे, त्यामुळे कुठला पासपोर्ट काढायचा हे ठरलं नसलं तरी ती उरकून घ्यावी.

अमेरिकेची अट आपल्याकडच्या बऱ्याच घरांना लागू आहे. आई-वडील नोकरीसाठी तिकडे होते, मुलगा कॅलिफोर्नियात जन्मला, दहाव्या वर्षी सगळे पुण्यात परतले. मुलगा जन्माने अमेरिकन, पासपोर्टही तिकडचाच. पुढे त्याने इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि बाळ पुण्यात झालं. सगळ्यांना वाटतं, बाप अमेरिकन म्हणजे बाळ अमेरिकन. पण जोडप्यातला एकच जण अमेरिकन असेल, तर त्याने बाळाच्या जन्माआधी एकूण पाच वर्षं अमेरिकेत काढलेली असावी लागतात, आणि त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. दहाव्या वर्षी परतलेल्या आणि नंतर फक्त सुट्टीपुरता तिकडे गेलेल्या बापाचं गणित इथे चुकतं. ज्याचं जुळतं, त्यालाही ते सिद्ध करावं लागतं: शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिका, पगाराची आणि कराची कागदपत्रं, जुने पासपोर्ट. ही जुळवाजुळव बाळ यायच्या आधी करून ठेवावी. नंतर कुणाला झोप मिळत नाही, कागद कुठून मिळणार?

गोव्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. 1961च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता संपली. त्याआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं, आणि ते घेऊन कित्येक जण युरोपात कामाला गेले. त्यामुळे नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर आणि बायको भारतीय, अशी मडगाव-म्हापशाकडची जोडपी काही नवलाईची नाहीत. इथे बाळ आपोआप पोर्तुगीज होत नाही. त्याचा जन्म पोर्तुगालच्या नागरी नोंदवहीत चढवावा लागतो. चढला की परिणाम मात्र जन्मापासूनचा. त्याआधी आजोबांचा जन्म, बापाचा जन्म, बापाचं लग्न, सगळं क्रमाने तिथे नोंदलेलं हवं. मधली एक कडी निसटली की पुढचं काम ठप्प. खुद्द पालकांच्या भारतीय पासपोर्टचं त्रांगडं तर वेगळंच. ज्यांचे पासपोर्ट सरकारने रद्द केले होते, त्यांना समर्पणाचा, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याचा, दाखला मिळेना आणि त्यापायी भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्डही मिळेना. 2024च्या एप्रिलमध्ये रद्द केल्याचा आदेशच पुरावा म्हणून चालेल, असं परराष्ट्र मंत्रालयाने ठरवलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

समजा बाळ दोन्ही देशांचं ठरलं. आता निवड करायची. भारतीय पासपोर्ट काढावा आणि तिकडे जायची वेळ आली की व्हिसा घ्यावा, असं वरवर सोपं वाटतं. पण अमेरिका किंवा जर्मनी आपल्याच नागरिकाला व्हिसा कसा देणार? अमेरिकेचा तर कायदाच आहे की अमेरिकन नागरिकाने देशात येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरावा. आजी-आजोबांना नातू दाखवायला शिकागोला न्यायचं ठरलं की भारतीय पासपोर्टचा बेत तिथेच कोसळतो. म्हणून बहुतेक घरं परदेशी पासपोर्ट घेतात आणि त्यावर ओसीआय कार्ड काढतात. पालकांपैकी एक भारतीय असला की बाळ त्याला पात्र असतं. बापाकडून किंवा आईकडून पाकिस्तान-बांगलादेशचा संबंध असेल तर मात्र नाही. फी भारतात 15 हजार रुपये, परदेशात 275 डॉलर. आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही. विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट नवा झाला की त्याची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवायचा, आणि विशी पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघेल तेव्हा कार्ड एकदा नव्याने घ्यायचं.

पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि हे घरच्यांना उमगतं मूल बारावीला गेल्यावर. मतदान नाही, सरकारी नोकरी जवळपास नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. 4 मार्च 2021च्या अधिसूचनेने आणखी एक दार अरुंद केलं. नीट, जेईईसारख्या परीक्षा ओसीआयधारक मूल देऊ शकतं, पण प्रवेश मिळतो तो अनिवासी भारतीयांच्या किंवा वाढीव जागांवर. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिलासा दिला तो त्या तारखेआधीच्या कार्डधारकांना. आज जन्मलेल्या बाळाला तो नाही. पुण्यात वाढणाऱ्या, इथल्याच शाळेत जाणाऱ्या आणि सरकारी मेडिकल कॉलेजचं स्वप्न बघू शकणाऱ्या मुलासाठी हा फरक लाखो रुपयांचा आहे. विमानतळावर छोटी रांग कुणाची, यावरून पासपोर्ट ठरवणारे लोक मी पाहिलेत. माझ्या मते ठरवायचं ते मूल कुठे वाढणार यावरून. घर इथेच असेल, तिकडे जाणं चार-पाच वर्षांतून एकदा असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मागाहूनही सिद्ध करता येत असेल, तर भारतीय पासपोर्टचा विचार गांभीर्याने करावा. घर बर्लिनमध्ये असेल, तर जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय यात फारसं विचार करण्यासारखं काही उरत नाही.

एकदा ठरलं की सगळं येऊन थांबतं ते एका कागदापाशी, जन्मदाखल्यापाशी. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना भारतीय पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त हाच कागद चालतो, आणि परदेशी वकिलातीही तोच मागतात. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. हॉस्पिटल ती सहसा पाठवतं, नावाशिवाय. आजीचं म्हणणं, बारसं झाल्याशिवाय नाव कसं लिहायचं? लिहू नयेच. नाव वर्षभरात विनाशुल्क चढवता येतं. पण एकदा चढलं की स्पेलिंग बदलताना नाकी नऊ येतात.

आणि नावातच तर खरी मेख. आपली पद्धत तीन पदरी: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जपानच्या कुटुंब नोंदवहीत मधल्या नावाला जागाच नाही, आणि मूल जपानी पालकाच्या नोंदवहीत जात असल्यामुळे आडनावही त्याचंच लागतं. पुण्याच्या दाखल्यावर जोशी आणि तिकडे तानाका, असं व्हायला वेळ लागत नाही. जपानी पासपोर्टवर पुरावा देऊन दुसरं आडनाव कंसात छापून मिळतं, तेवढीच सोय. त्यात आईचं नाव. आपल्याकडे लग्नात काही मुलींचं पहिलं नावही बदलतं. माहेरच्या नावाची पदवी, सासरच्या नावाचं आधार, पासपोर्टवर तिसरीच मांडणी आणि विवाहनोंदणीच्या दाखल्यावर दोन्हींची खिचडी, असं असेल तर परदेशी अधिकारी शांतपणे विचारतो, ही एकच बाई कशावरून? आईच्या पासपोर्टवर जे नाव अक्षरशः आहे, तेच हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहावं. भरती होताना घाईत नणंदेने फॉर्म भरला आणि हाक मारायचं नाव लिहिलं, तर त्यापायी वर्षभर खेटे घालावे लागतात.

फोटोचंही तसंच. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, चेहरा समोर, तोंड मिटलेलं, कुणाचा हात दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर बाळ उताणं ठेवून वरून फोटो काढायचा, तोही दूध पिऊन झोप लागायच्या मधल्या पाच मिनिटांत. सहीच्या चौकटीत अंगठा उठवायचा असतो. तान्ह्या बाळाची मूठ उलगडून, शाई लावून, चौकटीच्या आत ठसा उमटवणं हे घरातल्या तीन माणसांचं काम आहे. दोन-चार कोरे फॉर्म जास्तीचे ठेवावेत. आणि दोन्ही पालकांची संमती लागते, बहुतेक सगळ्याच देशांना. नवरा-बायकोत बेबनाव असेल, तर पासपोर्टचा अर्ज तिथेच अडून राहू शकतो.

पुण्यात जन्मलेल्या बाळाचा जर्मन पासपोर्ट हातात आला, तिकीटही काढलं, तरी एक पायरी उरते. त्या कोऱ्या करकरीत पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का नसतो आणि व्हिसाही नसतो. बाळ देशात आलं कसं, हे विमानतळावरच्या संगणकाला कळत नाही. त्यासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करून निर्गमन परवाना काढावा लागतो. तो निघाल्याशिवाय परतफेड न होणारं तिकीट काढू नये.

राहता राहिला सातबारा. ओसीआयधारकाला भारतात फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. बक्षीसपत्राने दिलेली शेतीही चालत नाही. वारसाने आलेली चालते. साताऱ्याकडचे आजोबा नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला हौसेने अर्धा एकर त्याच्या नावावर करायला निघाले असतील, तर त्यांना आधी वकिलाकडे न्यावं. मृत्युपत्र करणं त्यांना अशुभ वाटेल, पण इथे तेच उपयोगी पडतं.