टॅप तुटण्याची धास्ती आणि थ्रेड मिलिंगचा हिशेब

शिरूर-चौफुला रस्त्यावरील न्हावरे हे गाव घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. याच टापूत शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. लेथ, ड्रिल आणि हातटॅपवर हुन्नर कमावलेल्या आमच्या कारागीर बांधवांना अशा वसाहतींचे जॉबवर्क मिळवायचे असेल, तर संगणकनियंत्रित मिलिंग मशीनवर, म्हणजेच व्हीएमसीवर, आटे कसे पाडतात हे समजून घेतले पाहिजे.

आटे पाडणे हे बहुधा जॉबवरचे शेवटचे काम असते. कास्टिंग आले, फेस मारला, बोअर झाला आणि शेवटच्या भोकात टॅप तुटला, तर आधीची सारी मेहनत पणाला लागते. टॅपचे पोलाद कडक असल्याने तो साध्या ड्रिलने निघत नाही. स्पार्क इरोजनसाठी जॉब दुसरीकडे न्यावा लागतो. माल गिऱ्हाईकाचा असतो, पण त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

यावरचा उपाय म्हणजे थ्रेड मिलिंग. टॅप भोकाएवढाच जाड असतो. थ्रेड मिलचा कटर भोकापेक्षा बारीक असतो. तो स्वतःभोवती फिरत भोकाच्या आतून गोल फेरी मारतो आणि एका फेरीत बरोबर एक पिच वर सरकतो. त्यासाठी मशीनचे तिन्ही अक्ष एकाच वेळी चालावे लागतात. कटरवर पिचच्या अंतराने दातांच्या ओळी असतील, तर त्याच्या लांबीएवढे आटे एका फेरीत तयार होतात. बुरादा बारीक पडतो, बंद भोकात तो अडकत नाही आणि कटर मोडलाच तरी तुकडा सहसा बाहेर काढता येतो.

हिशेब कसा करावा?

एम २४, पिच ३ मि.मी. असा उजवा आटा घेऊ. भोक २१ मि.मी. चे आणि कटर १६ मि.मी. चा, चार दातांचा कार्बाइड. फेरे मिनिटाला २,००० आणि दर दाती ०.०५ मि.मी. धरले, तर कटरच्या धारेची फीड होते ४०० मि.मी. मात्र जेथे मशीन कटरच्या मध्याची फीड धरते, तेथे ४०० ला (२४ – १६) ÷ २४ ने गुणावे. उत्तर १३३ येते. नवशिक्याने तेथे ४०० लिहिले, तर धार १,२०० ने धावेल आणि महागडा कटर मोडेल.

सुरुवात तळापासून करून जी-०३ ने वर यावे. पहिल्या भोकात गो गेज घट्ट बसला, तर ऑफसेटमध्ये कटरची त्रिज्या ०.०२ मि.मी. ने कमी दाखवावी. आट्याचा व्यास ०.०४ ने वाढेल. टॅपमध्ये ही सोय नाही.

फायदा कोठे, तोटा कोठे?

पिच सारखा असेल तर एकच कटर अनेक मापांना चालतो. एम २४ आणि एम २७ या दोन्हींचा सर्वसाधारण पिच ३ मि.मी. आहे. पंप आणि पाइपच्या कामात तर १ इंचापासून ६ इंचांपर्यंतच्या बीएसपी आट्यांत इंचाला ११ आटेच असतात. म्हणजे समांतर बीएसपीसाठी मोठमोठ्या टॅपांचा संच घेण्याऐवजी एक कटर पुरतो. पण सावध! व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेला ५५ अंशांचा कोन बीएसपीत अजूनही आहे, मेट्रिकचा कोन ६० अंशांचा. एकाचा कटर दुसऱ्याला वापरू नये.

प्रत्येक ठिकाणी मात्र हाच उपाय शहाणपणाचा नाही. साध्या लोखंडात एम ६, एम ८ ची शेकडो आरपार भोके असतील, तर टॅपच लवकर आणि स्वस्तात काम उरकतो. व्यासाच्या अडीच पटीहून खोल भोकात कटर लवतो आणि आटा खाली निमुळता होतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की मशीन घेण्याची घाई करू नये. प्रथम पिच, कोन आणि फीड यांचा हिशेब शिकावा. आयटीआयचा मशिनिस्ट अभ्यासक्रम किंवा छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम येथे तरुणांना ही विद्या मिळू शकते. तोवर एखादा मोठा आटा ओळखीच्या व्हीएमसीवाल्याकडून करून घ्यावा आणि त्याची मजुरी टॅपच्या किमतीशी व फुकट जाणाऱ्या कास्टिंगशी ताडून पाहावी. उस्तादाच्या हाताला टॅप कधी अडतो हे कळते. तीच जाण शागिर्दाच्या हिशेबात उतरली, तर येणारे काम परत जाणार नाही.