धुराच्या उगमाशी

विजेच्या ज्योतीने लोखंडाला लोखंड सांधताना जो निळसर धूर उठतो, तो वस्तुतः वितळत्या धातूची वाफ असून हवेत येताच थिजून तिचे इतके सूक्ष्म कण होतात की, त्यांतील बहुतेकांचा व्यास एका मायक्रॉनहूनही कमी भरतो आणि ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडणाऱ्यास काही तासांतच थंडी वाजून ताप भरतो; मँगनीजचा परिणाम वर्षानुवर्षांनी हातांच्या कंपात उतरतो; आणि 2017 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर वेल्डिंगचा सगळाच धूर मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात घातला.

हा धूर श्वासापर्यंत पोहोचण्याआधीच ओढून घेणारे जे यंत्र, त्याला कारखान्यात नुसते ‘सक्शन’ म्हणतात. नरसाळ्याच्या आकाराचे तोंड, हवा तसा वाकणारा बाहू, नळ, गाळणी आणि गाळणीच्या पलीकडे पंखा; पलीकडे अशासाठी की, पात्यांना गाळून आलेलीच हवा लागावी.

परंतु या यंत्राची सारी मातबरी अंतरावर अवलंबून आहे. फुंकर हातभर लांबची ज्योत विझवते, पण तेवढ्याच लांबची ज्योत श्वास आत ओढून कोणासही विझवता येत नाही. त्याचप्रमाणे येथेही ओढीचा जोर झपाट्याने ओसरून तोंडाच्या व्यासाइतक्या अंतरावर सुमारे दशांशावर येतो. सांध्यापाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर तरी राहावा, यासाठी सांधा पुढे सरकला की तोंडही पुढे सरकवावे लागते. शिवाय ते बाजूस धरावे लागते, कारण डोक्यावर धरल्यास धूर वेल्डरच्या चेहऱ्यासमोरूनच वर चढतो. काळ्या काचेचे मुखकवच प्रकाश अडवते, धूर नव्हे. ओणव्या माणसाच्या हनुवटीखालून तो निर्वेध आत शिरतो.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमात, शोषकयंत्र उगमाच्या शक्य तितके निकट असावे आणि तो उगमही शक्य तितका बंदिस्त असावा, असे फर्मावले गेले, हे वाचून मसुदाकारांविषयी आदर वाटतो. तरीही भिंतीत एक पंखा बसवून आणि कामगाराच्या तोंडाला फडके बांधून बंदोबस्त झाला असे मानणारे कारखानदार आढळतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने तर 2019 सालीच, साध्या पोलादाच्या वेल्डिंगलाही खोलीतील वायुवीजन पुरेसे नाही, असे बजावले. जहाजाच्या तळटाकीत जेथे बाहू शिरतच नाही, तेथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे मुखकवचच दिले पाहिजे.

नगावर मजुरी घेणाऱ्यास मात्र तोंड सरकवण्यासाठी थांबणे म्हणजे स्वतःची मजुरी बुडवणे वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. बाहू एका हाताने, मुखकवच न काढता सरकेल असा असावा, गाळणी वेळच्या वेळी बदलण्याची जबाबदारी मुकादमावर नेमून द्यावी, आणि या सरकवण्यात जाणारा वेळ नगाच्या दरात धरावा.