देशांतराची साठ चित्रे

श्रोतेहो, चित्रांविषयी नभोवाणीवरून बोलणे म्हणजे आपणांस डोळे मिटून पाहावयास सांगणे होय. तरीही जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराच्या एका चित्रमालेचा परिचय आज करून द्यावा, असे मनात आहे. ती त्यांनी १९४०-४१ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी रंगविली.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागातून उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांकडे कृष्णवर्णीय कुटुंबांचा जो ओघ लागला, तो १९७० पर्यंत वाहत राहिला. सुमारे साठ लक्ष माणसे त्यात गेली. लॉरेन्स यांचे आईवडीलही त्यांतलेच.

मालेतील तिसरे चित्र पाहावे. गाठोडी-पेट्या घेतलेली माणसे एकमेकांत इतकी मिसळली आहेत की, सर्वांचा मिळून एकच त्रिकोणी आकार दिसतो. वर आकाशात पक्ष्यांचा थवा. देशांतर करणाऱ्यास पक्ष्याची उपमा देणे ही कवींची जुनी वहिवाट आहे. मला ती फारशी मानवत नाही. ऋतू पालटला की पक्षी जुन्या ठिकाणी परततो. या माणसांपैकी बहुतेक परतली नाहीत. शिवाय पक्ष्याला ओझे वाहावे लागत नाही! चित्रकाराने दोघांना एकाच चौकटीत ठेवले आहे, आणि साम्याइतकाच हा भेदही तेथे उघड दिसतो.

निसर्ग या मालेत शोभेकरिता येत नाही. नवव्या चित्राचा विषय आहे कपाशीचा सोंडकिडा. (आपल्याकडील बोंडअळी ती निराळी.) या किड्याने पिके बुडविली आणि शेतमजुरांच्या तोंडचा घास गेला. पंधराव्या चित्रात एक उघडी फांदी, तिला लोंबणारा रिकामा फास आणि जवळ अंग आखडून बसलेली एक आकृती, एवढेच आहे. जमावाने माणसाला झाडाला टांगून मारण्याची ती गोष्ट. परंतु प्रेत दाखविलेले नाही. कीड, पूर आणि हा फास ज्याने मागे टाकला, त्याला हौशी प्रवासी कोण म्हणेल? उत्तरेतही सारे सुख होते असे नव्हे. एकोणपन्नासाव्या चित्रातील उपाहारगृहात गोऱ्या व काळ्या गिऱ्हाइकांच्या मध्ये पिवळी नागमोडी दोरी आडवी आली आहे.

आता रंगांविषयी. हल्लीचे ॲक्रिलिक रंग त्या काळी बाजारात नव्हते. लॉरेन्स यांनी वापरला तो दुधातील केसीनचा रंग. तोही पाण्यात कालवावयाचा आणि झटपट वाळणारा. बारा इंच बाय अठरा इंचांच्या साठही फळ्या त्यांनी एकदम हाती घेतल्या. पत्नी ग्वेन्डोलिन नाइट यांनी फळ्यांना अस्तर देण्यास साहाय्य केले. मग एक रंग घ्यावयाचा, तो जेथे जेथे हवा त्या सर्व फळ्यांवर लावावयाचा आणि नंतरच दुसरा उघडावयाचा, गडदापासून फिकटाकडे. त्यामुळे साठ चित्रे एका कुळातली वाटतात. चित्रकलेचा तास ज्यांनी घेतला आहे, त्यांना यातील चिकाटी निराळी सांगावयास नको.

१९४२ साली दोन संग्रहालयांनी ही माला वाटून घेतली. सम अंकांची तीस चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, विषम अंकांची तीस वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात. पक्ष्यांचे तिसरे चित्र वॉशिंग्टनला आहे. शेवटचे साठावे न्यूयॉर्कला; त्यात फलाटावर माणसे गाडीची वाट पाहत दाटीने उभी आहेत.