दीर्घिकीय वारे आणि आंतरदीर्घिकीय वायू

वेगाने तारे निर्माण करणाऱ्या दीर्घिकेतून बाहेर वाहणाऱ्या वायूच्या प्रवाहास दीर्घिकीय वारा असे म्हणतात. दीर्घिकांच्या दरम्यान पसरलेल्या अतिविरळ वायूत, म्हणजेच आंतरदीर्घिकीय माध्यमात, जड मूलद्रव्ये पोहोचण्याचा हा प्रमुख मार्ग मानला जातो. या कार्यात खुज्या दीर्घिकांना विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

महास्फोटानंतर विश्वात मुख्यतः हायड्रोजन व हेलियम हीच मूलद्रव्ये होती. त्यांहून जड मूलद्रव्यांना खगोलशास्त्रात सरसकट ‘धातू’ म्हणतात. कार्बन, ऑक्सिजन यांसारखे धातू ताऱ्यांत तयार होतात. १९९५ साली हवाई बेटांवरील केक दुर्बिणीतून घेतलेल्या क्वेसारांच्या वर्णपटांत मात्र दीर्घिकांबाहेरच्या विरळ वायूतही कार्बन आढळला. हा वायू ११०० कोटी वर्षांहून अधिक जुन्या काळातील होता. जेथे तारे नाहीत तेथे ताऱ्यांत घडलेले द्रव्य कसे पोहोचले, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

प्रक्रिया

मोठ्या वस्तुमानाचे तारे काही दशलक्ष वर्षांतच अतिनवतारा म्हणून स्फोट पावतात. सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात प्रकाशरूपाने जितकी ऊर्जा देतो, साधारण तितकी ऊर्जा अशा एका स्फोटातून गतीच्या रूपाने बाहेर पडते. अनेक स्फोट जवळजवळ झाले की तप्त वायूचा बुडबुडा फुगतो आणि दीर्घिकेचा पातळ थर फोडून बाहेर पडतो.

सूर्याच्या परिसरातून आकाशगंगेबाहेर जाण्यास सेकंदाला सुमारे ५५० किमी वेग लागतो. खुज्या दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने तेथे याच्या अंशमात्र वेग पुरतो. मॅक लो व फेरारा यांच्या १९९९ सालच्या संगणकीय प्रतिकृतींनुसार अशा दीर्घिकेतील बराचसा मूळ वायू जागीच राहतो. स्फोटांतून नव्याने निघालेले धातू मात्र सहज निसटतात.

निरीक्षणे

* एनजीसी १५६९ : सुमारे १.१ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली खुजी दीर्घिका. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या निरीक्षणांतून हिच्या तप्त वाऱ्यात ऑक्सिजनसारखे धातू असल्याचे दिसून आले (२००२).
* लिओ पी : सिंह तारकासमूहातील, सुमारे ५३ लाख प्रकाशवर्षे दूरची अत्यंत लहान दीर्घिका. हिच्या ताऱ्यांनी निर्माण केलेल्या ऑक्सिजनपैकी केवळ ५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन तिच्यात उरला आहे. ही एकाकी असल्याने मोठ्या शेजाऱ्याने तिचा वायू ओढून नेल्याची शक्यता कमी ठरते.

महत्त्व

आरंभीच्या विश्वात लहान दीर्घिका प्रथम व मोठ्या संख्येने निर्माण झाल्या. त्या काळी विश्व आकुंचित असल्याने दीर्घिकांमधील अंतरेही कमी होती. त्यामुळे वाऱ्यांना दूरवर पसरणे सोपे गेले. बाहेर पडलेला काही वायू पुन्हा दीर्घिकांत परततो व धातूयुक्त नवे तारे घडवतो. लहान व मोठ्या दीर्घिकांचा नेमका वाटा किती, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही. तथापि खुज्या दीर्घिकांमधील धातूंचे अल्प प्रमाण हे केवळ मंद तारकानिर्मितीचे लक्षण नसून, निर्माण केलेले द्रव्य त्यांना राखता न आल्याचाही तो परिणाम आहे, असे या निरीक्षणांतून सूचित होते.